कासवीचे मागचे पाय

चिखलडोहच्या दंडारीत दादाजी हा माणूस वर्षानुवर्षं तोंड होता. म्हणजे कोणत्याही जनावराचं तोंड. वाघ असो, घोडा असो, राक्षसाचा रेडा असो, दोन माणसांनी मिळून एक जनावर व्हायचं असलं की पुढचा माणूस दादाजी, हे ठरलेलं. मागचा दरवर्षी बदलायचा. त्याचं नाव कुणी विचारत नसे आणि दादाजी तर त्याला नुसतं 'शेपूट' म्हणून हाक मारी.

वैनगंगेच्या काठच्या त्या गावात दादाजी एरवी एक साधा ढिवर होता. सकाळी नदीवर जाळं टाकायचं, दुपारी फाटलेलं जाळं विणायचं, संध्याकाळी पारावर बसून उद्याच्या मासळीबद्दल आजच थापा मारायच्या. पण दिवाळी सरली, धान कापणीला आला आणि गावोगाव मंडईची जत्रा भरायला लागली की त्याच्या अंगात काही वेगळंच संचारे. मंडईत मिठाईची दुकानं, पाळणे, पाहुणे असं सगळं असतं, पण दंडार नसेल तर झाडीपट्टीतला माणूस तिला मंडई म्हणत नाही. नाच, गाणं, सोंगं, आणि गाण्यातून गावातल्या बड्या मंडळींची यथेच्छ टवाळी. त्या एका दिवसासाठी दादाजी वर्षभर जगे, असं म्हटलं तरी चालेल.

एकच गोष्ट त्याला खात होती. त्याची बायको इंदिराबाई दरवर्षी दंडार पाहायला येई. सगळं गाव वाघाला पाहून पोरं पोटाशी धरी. आणि इंदिराबाई घरी आल्यावर चुलीत लाकूड सारत म्हणे, "पाय तुमचेच दिसले."

बस, एवढंच. घोडा झाला तरी पाय तुमचेच दिसले, रेडा झाला तरी पाय तुमचेच दिसले. एका वर्षी दादाजीनं पायांना काळं फासून वर ताडाच्या झावळ्या बांधल्या होत्या. त्या वर्षी ती म्हणाली, "पाय तुमचेच होते, झावळ्या कुठच्या होत्या?" एकदा, एकदाच तरी या बाईला आपल्या जागी जनावर दिसावं, एवढीच त्या माणसाची इच्छा होती. दुसऱ्या कुणाच्या टाळ्यांनी त्याचं पोट भरत नसे.

गेल्या मंडईत मात्र घात झाला. वाघाच्या तोंडात दादाजी होता, पण दादाजीच्या तोंडात पुढचे दात राहिले नव्हते. ऐन रंगात त्यानं डरकाळी फोडली आणि नुसतीच फूऽऽ करून हवा बाहेर पडली. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "वाघ चूल फुंकून राह्यला रे!" पुढचं वर्षभर दादाजी दिसला की पोरंसोरं गाल फुगवून फुंकर मारू लागली.

यंदा लटारूनं नवी दंडार बसवली. लटारू म्हणजे दंडारीचा म्होरक्या. गाणी त्याची, ढोलकी त्याची आणि शेवटचा शब्दही त्याचाच. कथा अशी होती: तलाव आटलाय, माणसं तहानेनं व्याकूळ झालीत. तेव्हा डोहाच्या तळाशी झोपलेली थोरली कासवी जागी होते, काठावर येते आणि तीन अंडी घालते. पहिल्यातून निघतं पाणी. दुसऱ्यातून निघतात मासे. तिसऱ्यातून निघतो मालगुजार, आणि निघाल्या निघाल्या म्हणतो, "पाणी माझं, मासे माझे, आणि कासवी कुणाची ते कागद पाहून सांगतो." मालगुजारी, म्हणजे गावच्या जमिनी-तलावांवरची एका माणसाची मालकी, जाऊन थोडीच वर्षं झाली होती. आधी असं काही गायची कुणाची छाती नव्हती. आता गायला मजा येत होती, आणि जुने मालगुजार अजून मंडईला खुर्ची टाकून पुढं बसत असल्यानं मजा दुप्पट होती.

पारावर बसून लटारूनं सोंगं वाटली. "कासवीत पुढं बिरजू. मागं दादाजीभाऊ."

"मागं कोण?" दादाजीनं विचारलं. ऐकू तर स्वच्छ आलं होतं.

"तुमी."

"म्हंजे मी अंडे घालू?"

"अंडे कासवी घालते जी. तुमी फक्त सोडाचे." लटारू समजुतीनं म्हणाला. "बिरजूचा आवाज हाय, दात हायेत. कासवीले गाणं म्हणा लागते यंदा."

बिरजू विशीतला पोरगा. त्यानं शहाण्यासारखी मान खाली घातली, पण त्याचे सगळेच्या सगळे दात दिसत होते.

"आन् मी नाई म्हटलं तं?"

"तं टाळ वाजवा."

दंडारीत टाळ कोण वाजवतं, ते दादाजीला ठाऊक होतं. ज्याला नाचता येत नाही, गाता येत नाही आणि घरी बसवतही नाही, तो. त्यानं नदीकडे पाहिलं आणि होकाराची मान हलवली.

घरी ही बातमी त्याच्या आधीच पोचली होती. इंदिराबाई मासळी चिरत बसली होती. आठवडी बाजारात मासळी विकून विकून तिची जीभ विळीपेक्षा धारदार झाली होती. नवऱ्याला पाहून तिनं विळी आडवी केली आणि आधी मनसोक्त हसून घेतलं.

"म्हातारपणी बाळंतपण आलं म्हणा तुमच्या नशिबी. चार मी केली, पाचवं तुमी करा."

"हस. हस तू. पाह्याले येशील तवा समजंल."

"मी कायले येतो जी? माह्या मासोळ्या कोण विकंल? तोंड होते तवा येत होती. आता अंड्यासाठी दुकान सोडून येऊ काय?"

दादाजीला हे झोंबलं. वाघाचे पाय तिनं ओळखले, घोड्याचे ओळखले, हे त्याला चालत होतं. निदान ती पाहत तरी होती. त्या रात्री तो धड जेवला नाही.

त्यातच व्याही येऊन गेले. मुखरू हे दादाजीच्या थोरल्या मुलीचे सासरे, नदीपलीकडच्या गावचे. माणूस भला, पण बडबड्या. त्यांच्या कानात पडलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी ब्रह्मपुरीच्या बाजारात ऐकू येई. पाण्याचा पेला हातात घेऊन त्यांनी विचारलं, "मंग इवाई, यंदा काय दंडारीत?"

"कासवी."

"तोंड तुमीच असान."

"दुसरं कोण?" दादाजी बोलून गेला. आतल्या खोलीत इंदिराबाईला जोराचा ठसका लागला. मुखरूंनी पाणी प्यायलं, मंडईला पुढं बसून पाहीन म्हणून शब्द दिला आणि नावेत बसून गेले. दादाजी काठावर उभा राहून नाव बुडण्याची वाट पाहत असावा, असा त्याचा चेहरा होता.

मग तालमी सुरू झाल्या. धानोऱ्याकडून आणलेल्या बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पोत्यांची पाठ, पाठीला डोहातला चिखल. मान म्हणजे एक लांब काठी आणि डोकं म्हणजे मडकं. पुढं बिरजू हातावर रांगायचा, ते कासवीचे पुढचे पाय. मागं दादाजी ओणवा, आणि त्याचे पाय पोत्याबाहेर, ते मागचे पाय. अंडी म्हणजे चुना फासलेली कवठं. ती एका जाळीच्या पिशवीत त्याच्या कमरेमागं लटकवायची. पिशवीच्या तोंडाची दोरी पोटाखालून त्याच्या हातात. दोरी ओढली की पिशवी उघडावी आणि शेपटीखालून अंडं पडावं, अशी योजना.

अंडी पडत होती, पण लटारूला ती पसंत पडत नव्हती. दादाजी कंबर हलवी, ढुंगण वर-खाली करी, मधेच पाय झाडी. सगळे पोट धरून हसत.

"भाऊ, हे कोंबडीचं होऊन राह्यलं," लटारू म्हणाला. "कासवी अशी घालत असंल काय?"

"मंग कशी घालते? सांग तू."

लटारू गप्प झाला. बिरजू गप्प झाला. पारावरचे सगळेच ढिवर गप्प झाले, कारण कासवी अंडी कशी घालते हे त्यांच्यातल्या एकाही पुरुषानं पाहिलं नव्हतं.

हे बाहेरच्या माणसाला खरं वाटणार नाही. जन्म नदीवर गेलेली माणसं ही. कोणत्या डोहात कोणता मासा कधी वर येतो ते यांना झोपेत विचारावं. पण चिखलडोहच्या ढिवरांत एक रीत होती. कासवी रेतीवर अंडी घालायला आली की पुरुषांनी पाठ फिरवायची आणि तिचं होईपर्यंत तसंच उभं राहायचं. बाळंतिणीकडे बाप्यानं पाहू नये, एवढंच त्यामागचं कारण. बायांना मुभा होती. बायका जवळ जात, बसत, कुत्रं आलं तर हाकलत. झालं की त्या सांगत, "झालं, फिरा आता." तेव्हा पुरुष फिरत आणि त्यांना दिसे ती नुसती सारवल्यासारखी सपाट रेती.

दोन दिवस दादाजी अंगणात कोंबड्या झाकायचं मोठं डालं पाठीवर घेऊन एकटाच रांगत होता. तिसऱ्या दिवशी इंदिराबाई बाजारातून आली. डोक्यावरची टोपली उतरवून तिनं उंबऱ्यावर बसकण मारली आणि थोडा वेळ ते डालं पाहत राहिली.

"असं नाई जी घालत ते."

डाल्याखालून आवाज आला, "तुले काय ठाव?"

"मले नाई तं कोणाले? तुमी जलमभर पाठच दाखवली तिले."

डालं उचललं गेलं. खालून दादाजीचं घामेजलेलं तोंड बाहेर आलं. बायकोला काही विचारणं त्याला जड जात होतं. जाळ्याचं भोक कसं विणावं हेही त्यानं तिला कधी विचारलं नव्हतं, आणि ती त्याच्याहून चांगलं विणत असे. पण मंडई तोंडावर आली होती.

"मंग कशी घालते?"

इंदिराबाई हसली नाही, याचं त्याला नवल वाटलं. ती अंगणात आली, पदर खोचला, आणि जमिनीवर बसून दोन्ही हात मागं टेकवले. हातांचे तळवे तिनं वाटीसारखे वळवले.

"आधी एक पाय. असा. वाटी केल्यावानी करते, रेती उचलते आन् बाजूले ठेवते. फेकत नाई, ठेवते. मंग दुसरा पाय. त्यानं उचलाची, बाजूले ठेवाची. मागं वळून पाहत नाई. तिले दिसतच नाई मागं काय होऊन राह्यलं ते. पायालेच ठाव."

"आन् मंग अंडं?"

"तुमाले घाईच! मंग थांबते. लय थांबते. वाटते, मेली का काय. मान आत वढून घेते. आन् मंग पडते एकेक." ती जरा थांबली. "मी पाह्यली तवा माहे दिस भरले होते, पह्यल्या खेपेले. तुमी सारे तिकडं तोंड करून उभे. मले वाटलं, हिले कोणी हाय का? माय नाई, सासू नाई, सुईण नाई. एकटी रेतीत करून राह्यली सारं. मी तिच्याजवळ बसली आन् म्हटलं, कर वो माय, सावकाश."

दादाजीला तो दिवस आठवत होता. म्हणजे त्याला समोरचं पळसाचं झाड आठवत होतं, कारण त्यानं तेवढंच पाहिलं होतं. मागं आपली बायको भरल्या दिवसांची वाळूत बसली होती आणि घाबरली होती, हे त्याला आज कळत होतं. त्यानं डालं पुन्हा पाठीवर घेतलं आणि डावा पाय वाटीसारखा वळवला.

"वाटी उथळ झाली," इंदिराबाई म्हणाली.

मंडईच्या दिवशी दुपारी चिखलडोहला पाय ठेवायला जागा नव्हती. खेळाच्या मैदानात लटारूनं नदीची रेती पसरली होती. पुढं खुर्चीवर जुने मालगुजार, त्यांच्या शेजारी घोंगडीवर मुखरू, मागं ढिवरपुरा, त्यामागं आसपासच्या गावांतले शेतकरी. एका अंगाला बायका. त्यांच्यात इंदिराबाई नव्हती. पोत्याला पडलेल्या भोकातून दादाजीनं ते आधीच पाहून घेतलं होतं. ती बाजाराच्या टोकाला मासळी घेऊन बसली होती.

झांजा वाजल्या आणि कासवी निघाली. बिरजूनं मडक्याचं डोकं असं डौलात फिरवलं आणि असा सूर लावला, की पहिल्याच कडव्याला शिट्ट्या पडल्या. मुखरूंना राहवेना. ते शेजारच्या माणसाला ओरडून सांगू लागले, "माहे इवाई होत ते! आवाज पाह्य! या वयात आवाज पाह्य! दात नाई म्हणे कोणी!" पोत्यात दादाजीनं डोळे गच्च मिटले.

मग ती वेळ आली. तलाव आटला, माणसं रडली, लटारूनं ढोलकीवर हळू हळू थाप सुरू केली, आणि कासवी रेतीत येऊन बसली. बिरजूनं गाण्यातून सांगितलं की आता अंडं येतंय. दादाजीनं दोरी ओढली.

काही झालं नाही.

त्यानं पुन्हा ओढली. पिशवी उघडायच्या ऐवजी आणखी आवळली गेली, आणि त्याच क्षणी त्याच्या लक्षात आलं की सकाळी गडबडीत आपण काय करून बसलोय. हाताला सवय ती सवय. पिशवीच्या तोंडाला त्यानं सरकगाठ मारायच्या ऐवजी जाळ्याची गाठ मारली होती. ढिवराची जाळ्याची गाठ ती. नदीनं ओढली तर सुटत नाही, मोठ्या माशानं ओढली तर सुटत नाही, उलट जितकी ओढावी तितकी घट्ट बसते. आणि ती होती त्याच्या कमरेमागं, हात पोचणार नाही अशा ठिकाणी.

"सोडा ना जी!" बिरजू पुढून कुजबुजला.

"सुटून नाई राह्यली!"

"मंग मी काय करू?"

"गाणं म्हण!"

बिरजूनं तेच कडवं पुन्हा म्हटलं. मग पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा गर्दीतून पहिला आवाज आला, "कासवीले वैदू आणा रे!" दुसरा म्हणाला, "सुईण आणा!" मालगुजारांची खुर्ची हसण्यानं करकरली. गेल्या वर्षीची फुंकणारी पोरं तर जागच्या जागी उड्या मारू लागली. आता टाळसुद्धा कुणी हातात देणार नाही, हे दादाजीला स्वच्छ दिसलं.

दोरी तर ओढून उपयोग नव्हता. करता येण्यासारखं एकच उरलं होतं. त्यानं दोरी सोडून दिली, हात रेतीत टेकले आणि डावा पाय वाटीसारखा वळवला.

रेती उचलली, बाजूला ठेवली. फेकली नाही, ठेवली. मग उजवा पाय. उचलली, ठेवली. मागं काय होतंय ते त्याला दिसत नव्हतं आणि पाहायचंही नव्हतं. पुन्हा डावा. पायाला रेती खालून गार लागायला लागली, खड्डा खोल होत होता. गर्दी हसत होती की नाही, हे त्याला ऐकू येईनासं झालं. त्याला एवढंच वाटत होतं की आपल्यापाशी तीन अंडी आहेत, ती द्यायची आहेत आणि जवळ कुणी नाही. मग त्याचे पाय थांबले. तसेच, खड्ड्याच्या काठावर, बराच वेळ.

मैदान शांत झालं होतं. आणि त्या शांततेत, बायकांच्या अंगानं, पार मागून, कुणीतरी जिवाच्या आकांतानं ओरडलं:

"पाठ फिरवा रे बाप्यांनो! दिसत नाई काय तुमाले? पाठ फिरवा!"

ढिवरांना विचार करायला वेळ लागला नाही, कारण ही गोष्ट विचारानं करायची नव्हतीच. आख्खा ढिवरपुरा उठला आणि मागं वळून उभा राहिला. लटारू ढोलकीसकट वळला. शेतकऱ्यांना काही कळेना. साप निघाला की साहेब आला? पण एवढी माणसं वळलीत म्हणजे काही कारण असणार, म्हणून तेही वळले. मालगुजारांच्या गड्यानं मालकांची खुर्ची उचलून उलटी ठेवली. मुखरूही फिरले. बिरजू ढिवराचाच पोर होता. तो कुठं वळणार? त्यानं मडक्यासकट मान आत ओढून घेतली आणि डोळे मिटले.

पोत्याच्या भोकातून दादाजीनं पाहिलं तर सगळीकडे पाठी. लोक चालले, असं त्याला वाटलं. पण कुणीच जात नव्हतं. सगळे अगदी नीट, हात खाली सोडून, नदीवर उभे राहतात तसे उभे होते. तेव्हा त्याला उमगलं, आणि त्याचे डोळे भरून आले.

मागं रेतीत पावलं वाजली. कुणीतरी येऊन त्याच्या पायांशी बसलं. मासळीचा वास आला.

"कर वो माय, सावकाश," इंदिराबाई हलक्या आवाजात म्हणाली.

आतून आवाज आला, "गाठ... गाठ सुटून नाई राह्यली वो."

मग पोत्याखालून एक हात आला, त्यानं पिशवी चाचपली, आणि "काय गाठ मारली जी ही!" असं एक वेगळ्याच सुरातलं वाक्य ऐकू आलं. जन्मभर जाळी विणलेली बोटं ती. त्यांनी गाठीचा जीव शोधला, नखानं उचकटला, आणि पड, पड, पड, तिन्ही अंडी एकापाठोपाठ खड्ड्यात पडली.

ती अशी एकदम पडायची नव्हती. पाण्याचं आधी, माशांचं नंतर, मालगुजाराचं शेवटी, असं लटारूनं बसवलं होतं. पण दादाजी आता लटारूचं ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. त्यानं डाव्या पायानं रेती आत ओढली, उजव्यानं ओढली, वरून हळूच थापटली. इंदिराबाई उभी राहिली, हात झटकले.

"झालं. फिरा आता."

सगळे फिरले. समोर नुसती सपाट रेती, आणि तिच्यावर कासवी. अंडी कुठं गेली ते कुणालाच माहीत नाही. मालगुजार झालेला सोंगाड्या पागोटं सावरत धावत आला, रेतीकडे पाहत राहिला आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "माहं अंडं कोणतं?" त्यावर जो हशा पिकला, तो पुढं बराच वेळ शमला नाही. खरे मालगुजारही हसत होते. इतके, की गड्याला त्यांची खुर्ची धरून ठेवावी लागली.

खेळ संपल्यावर पोती वर उचलली गेली. पुढून बिरजू बाहेर आला, मागून दादाजी. मुखरू पुढं धावले होते ते मधेच थबकले. त्यांनी एकदा बिरजूकडे पाहिलं, एकदा व्याह्यांकडे.

"इवाई, तुमी... मागं होते?"

आठवडाभर या प्रश्नाच्या भीतीनं दादाजीची झोप उडाली होती. आता तो आला तेव्हा त्याला जराही लाज वाटली नाही.

"मागं होतो."

"मंग तोंड?"

"तोंड काय, कोणीबी होते," दादाजी म्हणाला आणि पायांची रेती झटकू लागला.

ऊन उतरल्यावर ती दोघं घराकडे निघाली. इंदिराबाईच्या डोक्यावर टोपली होती, मासळी अर्धीच विकली गेली होती. दादाजी वाट पाहत होता. दरवर्षीचं ते वाक्य चुलीपाशी येई, कदाचित आज वाटेतच येईल. ते येईना, तेव्हा त्यालाच राहवेना.

"मासोळ्या सोडून आली तू."

"आली."

"कायले?"

"दुरून बायांचा हसण्याचा आवाज येऊन राह्यला होता. मंग तो बंद झाला. म्हटलं, काऊन बंद झाला, पाहून येतो."

दादाजी आणखी थोडं चालला. खरा प्रश्न अजून विचारायचा होता. "आन् वरडली तू, ते गाठ पाहूनच वरडली ना? बाप्ये फिरले तं तुले ते सोडता येईन म्हून?"

"तिथून काय गाठ दिसते जी?" इंदिराबाई म्हणाली. "गाठ मले जवळ बसल्यावर समजली."

"मंग काऊन वरडली?"

ती थांबली. एवढी साधी गोष्ट या माणसाला कळू नये, असा तिचा चेहरा झाला.

"कासवी अंडं घालाले बसली होती," ती म्हणाली, "आन् हे सारे बाप्ये डोळे फाडून तिच्याकडं पाहून राह्यले होते."

दादाजीनं तिच्या डोक्यावरची टोपली उतरवून आपल्या डोक्यावर घेतली, आणि घरापर्यंत तो तिच्या मागून चालला.